दिवा साडेआठला मालव

चि. बाळे,
अनेक आशीर्वाद.

काल सायंकाळी तू माझ्यासमोर तीन बाटल्या मांडून, ‘काका, प्रतिकारशक्तीसाठी यांतली कुठली चांगली?’ असे विचारलेस, तेव्हा मी नीट उत्तर दिले नाही, कारण तुझ्या मांडीवर जांभया देणाऱ्या पोराकडेच माझे लक्ष होते. बालवाडी सुरू झाल्यापासून ही त्याची चौथी सर्दी. या वयात वर्षाकाठी ६ ते ८ वेळा सर्दी होणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. मुले प्रथमच एका खोलीत बसू लागली की एकमेकांचे विषाणू घेतात आणि शरीर त्यांना ओळखायला शिकते. मला खटकले ते तू सहज बोलून गेलेले वाक्य, ‘झोपायला ११ वाजतात.’

रात्री ११ ते सकाळी साडेसहा, म्हणजे साडेसात तास. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप लागते. ही तूट कुठलीही बाटली भरून काढत नाही. अमेरिकेत १६४ प्रौढांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त आढळली. ती मोठी माणसे होती हे खरे, पण वाढत्या पोराला झोप त्यांच्याहून अधिकच लागते.

फोंड्यात औषधांच्या दुकानात मी ३१ वर्षे उभा होतो. चिठ्ठीवर लिहिलेले देणे हे माझे काम होते आणि न मागता कुणाच्या गळ्यात टॉनिक मारले नाही, हे मी आजही ठासून सांगेन. पण समोरच्या आईला ‘मूल किती वाजता झोपते?’ एवढे विचारायला मला कुणी अडवले नव्हते. मी विचारले नाही. घरी तर त्याहून वाईट केले. उत्सवातल्या नाटकाच्या तालमी देवळाच्या सभामंडपात रात्री १० नंतर रंगत, आणि बाप नट म्हणून माझा मुलगाही बरोबर असे. पेटीच्या गवसणीवर डोके टेकून तो झोपी जाई, मध्यरात्री मी त्याला खांद्यावर टाकून घरी आणी आणि सकाळी शाळेसाठी पुन्हा उठवी. त्या दोन वर्षांत त्याचा घसा सारखा धरत असे, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही हे पक्के ठाऊक असूनही मी दुकानातून ते आणून त्याला देत असे. हौस माझी होती, जागरण त्याचे.

तू म्हणशील, नवरा वेर्ण्याहून कामावरून रात्री १० वाजता येतो आणि पोर बाबांची वाट पाहत बसते. मला हे कारण पटत नाही. बापाने सकाळी अर्धा तास लवकर उठावे, पोराला न्हाऊ घालावे, पेज भरवावी. दिवा साडेआठलाच मालवायचा. चवथीच्या आरत्या आणि जत्रा वर्षातून मोजक्या येतात. रोजची रात्र त्यांच्यासारखी घालवू नकोस. आठनंतर मोबाइल त्याच्या हाती नको.

बाकीचे तुला सांगायला नको: बालवाडीतून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात, उकड्या तांदळाची पेज, तिझन म्हणजे नाचणीची गोड पेज, तारले मासे, पेरू. पावसात न वाळलेले दमट कपडे त्याला घालू नकोस, आणि झोपायच्या खोलीत डासांची धूर करणारी अगरबत्तीही नको, मच्छरदाणी लाव. श्वास जोरजोरात चालला, पाणी पिणे थांबले, वजन वाढेनासे झाले किंवा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा झाला, तर मात्र माझ्याकडे न येता थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.

शनिवारी येशील तेव्हा बाटल्या आणू नकोस, लसीकरणाचे कार्ड आण. दीड ते दोन वर्षांच्या वेळचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) बूस्टर त्यावर नोंदलेला आहे का, ते मला पाहायचे आहे. आणि या चार रात्री दिवा किती वाजता मालवला, ते कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून आण. तुझ्या नवऱ्याशी मी स्वतः बोलेन.

तुझा,
काका