बडोद्यात बंगल्यात २५ मुलांचं बालगृह: परवानग्या कुठून सुरू कराव्यात?

भाडेकरार करण्याआधी बंगल्याची बीयू परवानगी (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारतीच्या वापराची महापालिकेची परवानगी) काढून वाचा. बहुतेक अर्ज इथेच अडतात. कागदावर वापर 'रहिवासी' असतो आणि आत संस्था चालवायची असते. वापर बदलासाठी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात नकाशासह अर्ज लागतो. ओटा बंद करून केलेली खोली मंजूर नकाशात नसेल, तर आधी तिचा निकाल लावा.

मग जागेचं गणित. बाल न्याय आदर्श नियम २०१६ मध्ये ५० मुलांचं माप दिलंय: प्रत्येकी १००० चौरस फुटांची दोन शयनगृहं, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट, ८ संडास, ५ न्हाणीघरं, २५० चौरस फुटांचं स्वयंपाकघर. तुमच्या २५ मुलांना झोपायलाच १००० चौरस फूट हवेत. दिवाणखान्यात रात्री गाद्या टाकू, हे तपासणीत टिकत नाही. जिना एकच असेल, तर अग्निशमनवाल्यांना आधीच दाखवा. खिडक्यांना कायमचे गज ठोकून नंतर कापत बसू नका.

बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालची नोंदणी वेगळी; तो अर्ज जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात विचारा. नोंदणीशिवाय चालवल्यास कलम ४२ नुसार एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही.

शेजाऱ्यांचा विरोध बहुधा मुलांना नसतो, रिक्षा नि पाण्याच्या टँकरला असतो. सोसायटीचे पोटनियम बघा आणि गाड्या आवारातच उभ्या राहतील असं नकाशात दाखवा.