ऑफिसला रोज जाऊन-येऊन १६ किलोमीटर होतात. डेकॅथलॉनची स्वस्तातली सायकल घ्यावी का? (नागपूर)

घ्या. माझी डेकॅथलॉनचीच रिव्हरसाइड चार वर्षांपासून मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स धावते आहे. पुढे एकच चकती, मागे सहा गिअर. नागपुरात चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, नाहीतर उड्डाणपूल. त्याला एकवीस गिअर काहून पाहिजेत?

आता माझ्या साळ्याचं ऐका. सायकल घरी आणली त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजी, चड्ड्या-बूट विकणाऱ्याकडून सायकल? चड्डीवर फ्री भेटली का?" मी सांगून पाहिलं की हे लोक सायकली स्वतः डिझाइन करतात, फ्रान्समध्ये लीलला त्यांचं सायकलींचं वेगळं केंद्र आहे, फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी देतात. पण ज्याची रोड बाइक लाखाच्या घरातली, तो कशाला ऐकेल?

मग जानेवारीत एका रविवारी दोघं काटोल रोडने निघालो. फेटरीच्या पुढे त्याच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा. जादा ट्यूब घरी राहिलेली. माझ्याकडे होती, पण माझा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आणि त्याच्या रिमचं भोक प्रेस्टा नावाच्या सुईसारख्या वॉल्व्हचं, बारीक. बोटाने दाबून पाहिलं, अर्धाही शिरेना. टपरीवाल्याने काटा काढून पॅच लावून दिला, पण त्याचा पंप त्या सुईसारख्या वॉल्व्हला बसेना. सुपारीएवढा पितळी अडॅप्टर लागतो, तोही साहेबांनी आणला नव्हता. शेवटी सायकल भाजीच्या छोटा हत्तीत चढवली. तोपर्यंत साळा पेडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून डांबरावर खट-खट करत चालत होता. मी पेट्रोल पंपावर फुकट हवा भरली आणि त्याच्या आधी घरी पोचून पोहे खाल्ले.

तेव्हा तुम्ही ऑफिससाठी घेत असाल तर आधी वॉल्व्ह बघा. त्यांच्याच ट्रायबनसारख्या रोड बाइकला प्रेस्टा असू शकतो, तिथे माझा हा तोरा चालणार नाही. त्यांचीच रॉकरायडर डोंगर-कच्च्या रस्त्यासाठी. वर्धा रोडवर तिचे जाड गोट्यांचे टायर नुसते भुणभुणतात. आणि त्याच पैशात दुसरीकडे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक असलेली सायकल दाखवतील. त्या भावातलं सस्पेन्शन म्हणजे ओझं, घेऊ नका.

हो, एक राहिलंच. माझ्या मॉडेलवर मडगार्ड आणि स्टँड नव्हते, दोन्ही वेगळे घेतले. सीट पहिले पंधरा दिवस बसू देत नाही. वजनालाही हलकी नाही, तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची असेल तर विचार करा. मे महिन्यात सकाळी नऊनंतर निघायचं असेल तर कुठलीच घेऊ नका.

साळ्याने आता अडॅप्टर घेतलाय. सायकल दिवाळीपासून गॅलरीत उभी आहे, हँडलला कपड्यांचे चिमटे लावलेत.