व्हिडिओ बघत नाहीत, लॅब कॉपी करतात, काय करू?

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सायबर सिक्युरिटी शिकवतो. यंदा लेक्चर रेकॉर्ड करून टाकतोय, लॅबही मुलं घरूनच करतात, वर्गात फक्त उजळणी आणि शंका. पण व्हिडिओ कुणी शेवटपर्यंत बघत नाही आणि लॅबचे स्क्रीनशॉट सगळ्यांचे सेम. हा विषय ब्लेंडेड पद्धतीने शिकवताच येत नाही का?

उत्तर: येतो की, आणि छान येतो! फक्त तुमची वाटणी उलटी झालीये. मुलं अडकतात ती लॅबमध्ये आणि नेमके तिथेच तुम्ही समोर नसता, मग एकाला जमलं की बाकीचे त्याचाच स्क्रीनशॉट लावणार, दुसरं काय करतील बिचारे. लॅब वर्गात आणा, उजळणी घरी पाठवा.

व्हिडिओ आठ-दहा मिनिटांचाच ठेवा आणि उत्तर न देता थांबवा. उदाहरणार्थ वॉनाक्राय, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे विंडोजमधलं ते भोक बुजवणारा अपडेट, मार्च २०१७ मध्ये आला होता, हल्ला झाला मे महिन्यात, तरी इतकी मशिन उघडी कशी राहिली? इथेच व्हिडिओ बंद. याचं उत्तर वर्गात भांडून शोधू दे, कुणी म्हणेल अॅडमिन आळशी, कुणी म्हणेल हॉस्पिटलचं जुनं मशिन असं मधेच बंद करता येतं का, आणि हाच तर खरा अभ्यास आहे, तो एकट्याने स्क्रीनसमोर बसून होत नाही हो.

लॅबसाठी ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं ज्यूस शॉप घ्या, मुद्दाम भोकं ठेवलेलं दुकानाचं अॅप आहे, फुकट आहे. व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये टाका, नेटवर्क होस्ट-ओन्ली (फक्त त्याच कॉम्प्युटरपुरतं) ठेवा म्हणजे चुकून बाहेर काही जाणार नाही, आणि आधी स्नॅपशॉट, म्हणजे मशिनच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घ्यायला लावा, बिघडलं की दोन मिनिटांत परत. त्यात सीटीएफ (कॅप्चर द फ्लॅग) मोड आहे, कोडं सुटलं की फ्लॅग म्हणजे एक गुप्त कोड मिळतो, आणि प्रत्येक गटाला वेगळी की (गुप्त किल्ली) दिली की फ्लॅगही वेगळे निघतात, मग दुसऱ्या गटाचा फ्लॅग चिकटवून चालत नाही.

पण मार्क फ्लॅगवर ठेवू नका. एसक्यूएल इंजेक्शन करून, म्हणजे लॉगिनच्या चौकटीत डेटाबेसची आज्ञा घुसवून, लॉगिन तोडलं की मुलं खूष होतात आणि तिथेच थांबतात. तोच कोड पॅरामीटराइज्ड क्वेरीने (यात टाइप केलेला मजकूर आज्ञा न धरता नुसता डेटा धरला जातो) दुरुस्त करून आणायला सांगा, हे घरी करू दे, आणि पुढच्या तासाला शेजारच्या गटाने तो परत तोडून बघायचा. सोबत प्रत्येकाची पाच मिनिटांची तोंडी, ही ओळ का बदललीस एवढंच विचारा, कुणी स्वतः केलंय ते लगेच कळतं.

आणि एक गोष्ट मात्र रेकॉर्डिंगवर सोडू नका, परवानगीची. लेखी परवानगी नसेल तर कुणाच्याही सिस्टिमवर साधं पोर्ट स्कॅनसुद्धा (कुठली दारं उघडी आहेत ते चाचपणं) करायचं नाही, कॉलेजच्या वायफायवरही नाही, हे पहिल्याच तासाला समोर बसवून सांगा, सही घ्या आणि मगच लॅब उघडा.