एकच धक्का, तीन उत्तरे

प्रश्न : बारा वर्षे तालमीत मातीवर काढली. आता जोड लावत नाही, पण अंग हलते ठेवायचे आहे. ताई ची, शिंगयी आणि बाग्वा या तिन्ही चिनी युद्धकलांना ‘अंतर्गत’ म्हणतात, पण दिसायला तिन्ही निराळ्या. फरक नेमका कशात? आणि अंतर्गत म्हणजे ताकद लावायचीच नाही का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताकद लागते, पुरेपूर लागते. फक्त ती एकट्या दंडातून काढायची नाही. तळपायाने जमीन रेटायची, कंबरेने तो जोर वळवायचा आणि हाताने तो पोहोचवायचा, हे तिन्ही कलांत सारखे. १९२८ साली चीनमध्ये नानजिंगला स्थापन झालेल्या केंद्रीय युद्धकला संस्थेने शाओलिन (बाह्य) आणि वुदांग (अंतर्गत) असे दोन विभाग पाडले, तेव्हा या तिन्ही वुदांगमध्ये गेल्या. समोरून येणाऱ्या जोराचे काय करायचे, इथे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

समजा, समोरच्याने उजव्या तळव्याने तुमच्या छातीवर धक्का दिला.

ताई ची तो अडवत नाही. त्याच्या मनगटाला हात चिकटवायचा, वजन मागच्या पायावर घ्यायचे, कंबर वळवायची. धक्का छातीवरून घसरून बाजूला जातो. त्याचा तोल पुढे गेला की त्याच दिशेला थोडी भर घालायची. कुस्तीच्या खडाखडीत समोरचा जोर लावत असताना एकदम हात सैल सोडून त्याला पुढे ओढून घेणारा पैलवान हेच करतो. नवख्याची चूक ठरलेली : कंबर वळवण्याऐवजी तो पाठ मागे झुकवतो. वजन टाचांवर गेले की लहान पोरगाही पाडेल.

शिंगयी वाट बघत बसत नाही. तिच्या पाच मूळ प्रहारांतला पहिला ‘पी’, म्हणजे कुऱ्हाडीने लाकूड फोडावे तसा. एक हात छातीच्या मधल्या रेषेतून वर चढत, समोरून येणाऱ्या हाताला भिडतो, लगेच पुढचे पाऊल आत पडते आणि दुसरा तळवा त्याच रेषेतून पुढे-खाली जातो. मागचा पाय मागोमाग ओढून घ्यायचा. हात आणि पाऊल एकाच क्षणी पोहोचले पाहिजेत. पाऊल आधी टेकले, तर शरीराचे वजन जमिनीत गेले आणि हाताशी उरला नुसता दंड. म्हणून शिंगयीत आधी सानती हा पवित्रा तासन्‌तास घोटतात : साठ ते सत्तर टक्के वजन मागच्या पायावर, नाक, पुढच्या हाताचे बोट आणि पुढचे पाऊल एका रेषेत.

बाग्वा त्या जोरासमोर थांबतच नाही. एक पाऊल बाहेर उघडायचे, दुसरे समोरच्याभोवती आत वळवायचे आणि त्याच्या खांद्यामागे जाऊन उभे राहायचे. तुमच्या कुस्तीतल्या बगलडूब डावाची ही सख्खी बहीण. बीजिंगमध्ये बाग्वा शिकवणारे दोंग हायच्वान यांचे शिष्य चेंग तिंगहुआ हे कुस्ती जाणणारे होते, आणि त्यांच्या शाखेत पकडी व फेकी भरपूर आहेत. तालमीतून आलेल्याने तिथून सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिन्ही एकत्र सुरू करू नयेत. चिनी युद्धकलांचे गुरू सुन लुतांग (१८६०–१९३३) यांनी तिन्ही आत्मसात केल्या, पण आधी शिंगयी पक्की केली.

प्रश्न : ताई चीचा २४ हालचालींचा क्रम रोज करते. तीन महिन्यांत गुडघा दुखू लागला. — एक वाचक, कराड

उत्तर : हा १९५६ साली तयार झालेला सोपा क्रम. त्यात गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा पुढे चालताना, वजन असलेले पाऊल फिरवल्यामुळे. सिमेंटवर रबरी तळाचे बूट घट्ट धरून राहतात. पाऊल फिरत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. आधी मागच्या पायावर बसा, पुढचा चवडा उचला, पंचेचाळीस अंश बाहेर फिरवा, टेकवा आणि मगच वजन पुढे न्या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेतच वाकू द्या. बैठकांसारखे खोल जाण्याची मुळीच गरज नाही. दुखणे टिकले किंवा सूज दिसली, तर सराव थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : गच्ची दहा बाय दहा फूट. बाग्वाची वर्तुळावर चालायची फेरी मावेल का? चक्करही येते. — एक वाचक, वाई

उत्तर : मावेल. मध्ये खिळा किंवा वजन ठेवून तीन फुटी दोरीने खडूचे वर्तुळ आखा. साधारण आठ पावलांत फेरी होते. आतला पाय सरळ, बाहेरचा किंचित आत वळवून. पाऊल चिखलातून सरकवल्यासारखे सपाट ठेवा. डोके वरखाली झाले तर गुडघे ताठ होताहेत असे समजा. चक्कर येते ती नजर जमिनीवर ठेवल्याने. वर्तुळाच्या मध्याकडे वळवलेल्या तळव्याच्या तर्जनीवर नजर ठेवा. सुरुवातीला दर चार फेऱ्यांनी दिशा बदला, एकूण दहा मिनिटे पुरे.