कूपतोडीचा परिणाम गावाने कसा तपासावा?

गडचिरोलीतील गावालगतच्या जंगलात वनविभागाची कूपतोड, म्हणजे आखून दिलेल्या पट्ट्यातील झाडांची तोड, होणार असल्यास तिचा पर्यावरणावरील परिणाम गावकऱ्यांनी कसा तपासावा, असा प्रश्न आहे. प्रथम कार्य आयोजनेची, म्हणजे वनविभागाच्या जंगल व्यवस्थापन आराखड्याची, प्रत मागून कोणती झाडे राखायची आहेत ते पाहावे. वनहक्कधारक असलेल्या क्षेत्रात २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव व जलस्रोतांच्या रक्षणाचा अधिकार देते, त्यामुळे ही विचारणा आगाऊपणाची ठरत नाही. खरी तपासणी मात्र जंगलातच होते. तोडीपूर्वी आणि त्यानंतरच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याच जागी फिरून सागाच्या खुंटांना किती फुटवे आले, मोहाची रोपे गुरांच्या तोंडातून वाचली का, आणि नाल्याचे पाणी सरीनंतर किती दिवस गढूळ राहते, याची नोंद ठेवावी. शेजारचा न तोडलेला पट्टाही तसाच पाहावा, नाहीतर कमी पावसाचा दोष उगाच कुऱ्हाडीवर येतो.