अणुऊर्जेवर निवृत्तीची पुंजी लावावी का?

तुमचं वय 52, निवृत्तीला 8 वर्षं, आणि जमवलेल्या रकमेतला 40 टक्के हिस्सा अणुऊर्जा क्षेत्रातल्या फंडात घालायचा तुमचा विचार आहे. त्यामागची कारणंही तुम्ही दिली आहेत: विकसनशील देशांची विजेची गरज वाढतेच आहे, कोळसा आज ना उद्या कमी करावा लागेल, आणि जागतिक बँकेनेही 2025 मध्ये अणुप्रकल्पांना कर्ज न देण्याचं जुनं धोरण सोडलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी 40 टक्के अजिबात नको. देशाला अणुवीज मिळणं वेगळं आणि त्यातून तुमच्या पैशाला परतावा मिळणं वेगळं.

अणुवीज महागते ती इंधनामुळे नव्हे, उभारणीच्या भांडवलामुळे आणि त्यावर चढणाऱ्या व्याजामुळे. बांधकामाचा खर्च 100 धरा, तो दरवर्षी सारखाच होत जातो, आणि व्याज 8 टक्के. काम 6 वर्षांत उरकलं तर वीज सुरू होईपर्यंत बोजा साधारण 127 होतो. तेच काम 12 वर्षं रेंगाळलं तर 164. सिमेंट-पोलाद तेवढंच, महागाई तर यात धरलेलीच नाही.

आणि काम रेंगाळतंच. बांगलादेशातल्या रूपपूरला 1,200 मेगावॉटचे दोन संच, खर्च 12.65 अब्ज डॉलर, त्यातलं सुमारे 90 टक्के रशियाचं कर्ज. पहिला संच 2023 मध्ये सुरू व्हायचा होता. 2024 संपलं तरी वीज ग्रिडमध्ये, म्हणजे देशभर वीज वाहून नेणाऱ्या जाळ्यात, आली नव्हती. पारेषण वाहिन्यांचं कामही मागे पडलं होतं. त्यात ग्रिडचा आकार आडवा येतो. एक संच ग्रिडच्या एकूण क्षमतेच्या सुमारे 10 टक्क्यांहून मोठा नसावा असा ढोबळ नियम आहे, कारण तो अचानक बंद पडला तर विजेची वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) कोसळते आणि बाकीचे संचही बंद पडू लागतात. म्हणजे 1,200 मेगावॉटच्या एका संचाला 12,000 मेगावॉटचं ग्रिड हवं. कितीतरी देशांकडे ते नाही. फिलिपिन्सचा बातान प्रकल्प तर 1980च्या दशकात बांधून तयार झाला, त्यातून एक युनिटही वीज निघाली नाही, आणि कर्जाचे हप्ते 2007 पर्यंत चालले.

आता तुमच्या फंडाकडे या. रूपपूरची मालकी सरकारची, कर्ज एका सरकारचं दुसऱ्या सरकारला. तिथे छोट्या गुंतवणूकदाराला शिरकावच नाही. म्हणून असे फंड प्रामुख्याने युरेनियमच्या खाणी, श्रीमंत देशांतल्या वीज कंपन्या आणि सुटे भाग बनवणारे कारखाने यांचे शेअर घेतात. खाणींचा नफा युरेनियमच्या भावावर हलतो. हा भाव 2007 मध्ये एक पौंड वजनाला 130 डॉलरच्या वर गेला होता, 2015 मध्ये 40 च्या खाली होता. मधली 8 वर्षं, म्हणजे नेमकी तुमच्याकडे आहेत तेवढीच. 2024 च्या सुरुवातीला भावाने पुन्हा 100 ओलांडले, पण 2015 ला निवृत्त झालेल्याला त्याचा काय उपयोग?

छोट्या मॉड्युलर (कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायच्या) अणुभट्ट्यांच्या बातम्यांवरही सध्या विसंबू नका. अमेरिकेत अशा अणुभट्ट्या बनवणाऱ्या न्यूस्केल कंपनीचा पहिला मोठा प्रकल्प 2023 मध्ये बांधकामाआधीच रद्द झाला. विजेचा अंदाजित दर मेगावॉट-तासाला 58 डॉलरवरून 89 वर गेला होता.

या क्षेत्रावर तुमचा विश्वास आहे, तर 5 टक्के ठेवा, तेही एकरकमी नको. 24 महिन्यांत समान हप्त्यांनी. आधी फंडाची फॅक्टशीट (माहितीपत्रक) उघडून पहिल्या दहा कंपन्या वाचा. त्यांत खाणीच निम्म्याहून जास्त असतील तर तो फंड अणुवीजेचा नाही, युरेनियमच्या भावाचा आहे, तो सोडा. तुमच्या जुन्या ऊर्जा किंवा पायाभूत सुविधा फंडातही त्याच कंपन्या आहेत का, तेही ताडून पाहा. हा हिस्सा वाढून 8 टक्क्यांवर गेला की वरचा काढून घ्या. भाव पडल्यावर भर घालायची नाही.

निवृत्तीला 3 वर्षं उरली की हा हिस्सा टप्प्याटप्प्याने ठेवींत वळवा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या 5 वर्षांचा घरखर्च कुठल्याही शेअरमध्ये असता कामा नये. उरलेले 35 टक्के आत्ता जिथे आहेत तिथेच राहू द्या, आणि ते नेमके कशात आहेत हे कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.