तुम्ही विचारलंत: एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यीस्टला मारतच नाही, मग 'एरिथ्रोमायसिन-रोधक यीस्ट' म्हणजे काय? आणि रोधक व साध्या यीस्टच्या संकरानंतर एका पेशीतून निघणारे चारही बीजाणू रोधक कसे निघतात, 2:2 (दोन रोधक, दोन संवेदनशील) का नाही?

मी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब बघतो. मळी आंबताना जिवाणू माजले की पेनिसिलिन टाकता येतं, यीस्टला ढिम्म होत नाही. पेनिसिलिन जिवाणूंना पेप्टिडोग्लायकन या पदार्थाची भिंत बांधू देत नाही आणि यीस्टच्या भिंतीत ते नसतंच. याला रोध म्हणत नाहीत.

एरिथ्रोमायसिन मात्र रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं, अडवतं. यीस्टच्या पेशीद्रवातले रायबोसोम त्याला दाद देत नाहीत, पण मायटोकॉन्ड्रियातले (पेशीत श्वसन चालतं त्या भागातले) जिवाणूंच्या वळणाचे, ते बंद पडतात. बेळगावात एमएस्सी करताना मी इथेच फसलो. औषध घातलेल्या ग्लुकोजच्या प्लेटवर वसाहती दिसल्या आणि 'सगळे रोधक' असं वहीत लिहून मोकळा झालो. आमचे सर कानडी. वही बघून एवढंच म्हणाले, "ग्लिसरॉल म्याल हाकि नोडु." म्हणजे ग्लिसरॉलवर लावून बघ. लावलं, प्लेट कोरी! ग्लुकोजवर यीस्टचं नुसत्या किण्वनावर भागतं. ग्लिसरॉलवर जगायला श्वसन लागतं, म्हणजे धडका मायटोकॉन्ड्रिया. त्या प्लेटवर जो वाढेल तो खरा रोधक.

हा बदल मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत, 21एस आरआरएनएच्या (तिथल्या रायबोसोमच्या एका घटकाच्या) जनुकात असतो. केंद्रकातल्या जनुकांची वाटणी भावाभावांतल्या शेतासारखी, काटेकोर निम्मी. मायटोकॉन्ड्रिया विरजणासारखे. संकरात दोन्ही घरचं विरजण एकत्र येतं (माणसात फक्त आईचं), पण काही विभाजनांतच प्रत्येक वंशात एकच प्रकार उरतो. रोधक उरलेल्या वंशाचे बीजाणू केले तर 4:0, दुसऱ्याचे केले तर 0:4. तुम्हाला पहिला मिळाला, इतकंच.

पडताळायला सायक्लोहेक्झिमाइड घ्या. ते पेशीद्रवातले रायबोसोम अडवतं, त्याच्या रोधाचं सीवायएच2 जनुक केंद्रकात आहे, तिथे 2:2 मिळेल. फक्त तो रोध अप्रभावी (जनुकाची साधी प्रत सोबत असली की झाकला जाणारा) असल्यामुळे संकरित द्विगुणित पेशी, म्हणजे दोन्ही घरच्या प्रती असलेली, औषधाला बळी पडते. घाबरू नका, बीजाणूंत तो पुन्हा दिसतो.

आणि ग्लुकोजवर एखादी वसाहत बारीक दिसली तर ती 'पेटीट' असू शकते, 1949 मध्ये जनुकशास्त्रज्ञ एफ्रुसींनी पॅरिसमध्ये दाखवली तसली. तिचं श्वसनच गेलेलं असतं, त्यामुळे औषध नसलं तरी ग्लिसरॉलवर वाढणार नाही. तिला 'संवेदनशील' या रकान्यात टाकू नका, मोजणीतून बाजूला काढा.